उत्तर कितव्या ओळीत आहे?

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत एक नवा वाक्यप्रकार रुजला आहे. शाळेच्या व्याकरणात तो सापडणार नाही, पण तुमच्या फोनवर रोज सकाळी हजर असतो. ‘झोपण्याआधी फक्त ही एक गोष्ट करा, फरक तुम्हालाच जाणवेल.’ ‘दहावीचा निकाल कधी लागणार? समोर आली मोठी अपडेट.’ ‘भर कार्यक्रमात अभिनेत्री असं काही बोलली की…’ ही तिन्ही वाक्यं मी आत्ता बनवली आहेत. ती कुठेतरी वाचल्यासारखी वाटली, तर त्यात माझं काही कौशल्य नाही.

या वाक्यांची रचना बघण्यासारखी आहे. ‘ही’, ‘असं काही’, ‘मोठी’ हे शब्द आहेत, पण ते ज्याच्याबद्दल आहेत ते गायब आहे. कोणती गोष्ट? काय बोलली? निकाल कोणत्या तारखेला? ज्या शब्दासाठी वाक्य लिहायचं, नेमका तोच शब्द त्यातून काढून घेतलेला. सर्वनाम नामाच्या जागी येतं, असं आपण शिकलो. इथे ते नाम लपवायला येतं.

यावरची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे ‘पत्रकारितेचा दर्जा घसरला’ किंवा ‘हल्लीच्या पोरांना लिहिता येत नाही’. मला हे उत्तर पटत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्या पोराला बहुतेक वेळा चांगलं लिहिता येत असतं. निकालाची तारीखही त्याला माहीत असते. ती पहिल्या ओळीत न सांगण्याचे त्याला पैसे मिळतात. तेव्हा या वाक्याचा खरा लेखक कोण, हे शोधायचं तर इंटरनेटच्या हिशोबाच्या वह्या चाळाव्या लागतील.

‘व्यापार आला आणि इंटरनेट बिघडलं’ हे विधान फारच ढोबळ आहे. व्यापाराने नेमकं काय विकायला काढलं, हे त्यातून कळत नाही. माझं म्हणणं असं: इंटरनेटच्या फुकट भागात जो माल विकला जातो, तो म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर. तुम्ही काहीतरी विचारता, आणि उत्तर मिळेपर्यंतचा जो काही वेळ आणि जी काही जागा असते, तिथे जाहिरात बसते. अंतर जितकं लांब, तितकी जागा जास्त. हे एकदा लक्षात घेतलं की शोधाचं पान, पाककृतीचं पान, व्हिडिओ आणि तो मथळा एकाच घरातले वाटू लागतात.

एक परिशिष्ट

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज ही त्यांची नावं, आणि निबंधाचा विषय होता त्यांनी बनवलेलं ‘गूगल’ नावाचं शोधयंत्र. निबंधाचा मुख्य भाग तांत्रिक आहे: पानं कशी गोळा करायची, दुव्यांवरून कोणत्या पानाला किती वजन द्यायचं वगैरे. पण शेवटी जाहिरातींबद्दलचं एक छोटंसं परिशिष्ट आहे. इंटरनेटवर लिहिल्या गेलेल्या समीक्षेत मी त्याला फार वरचं स्थान देईन.

परिशिष्टात ते आपल्याच यंत्राचं उदाहरण देतात. त्यांच्या यंत्रात मोबाइल फोनबद्दल शोधलं, तर अगदी वरच्या निकालांत गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसं विचलित होतं, याचा अभ्यास यायचा. त्यांचा मुद्दा साधा होता: जे शोधयंत्र फोन कंपन्यांकडून पैसे घेत असेल, त्याला हा निकाल आपल्या जाहिरातदारांपुढे समर्थनीय ठरवणं जड जाईल. म्हणून जाहिरातीवर चालणारी शोधयंत्रं स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकलेली असतील, असं त्यांनी लिहिलं. पुढचा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. शोधयंत्र जितकं चांगलं, तितकी हवी ती गोष्ट सापडायला जाहिरातींची गरज कमी. म्हणजेच चांगलं यंत्र जाहिरातीचा धंदा स्वतःच पोखरतं.

थोडक्यात, अंतर कमी करणं हे यंत्राचं काम आणि अंतर टिकवणं ही जाहिरातीची गरज, हा विरोध त्यांना कंपनी काढण्याआधीच दिसला होता. २००० मध्ये त्याच दोघांनी जाहिराती घ्यायला सुरुवात केली. २०२४ साली गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचं उत्पन्न साधारण ३५० अब्ज डॉलर होतं. त्यातले २६४ अब्जांहून अधिक जाहिरातींतून आले.

यात ढोंग शोधण्याचा मोह होतो. पण परिशिष्ट पुन्हा वाचलं की ढोंगापेक्षा वेगळं काही दिसतं. आपल्या स्वभावात दोष असेल असं ते म्हणत नाहीत. पैसा कुठून येतो यावर यंत्राचा कल ठरेल, असं म्हणतात. चांगल्या माणसांनी चालवलं म्हणून कल बदलणार नाही, हे त्या लिखाणात गृहीतच आहे. स्वतःवर उलटलेली इतकी नेमकी समीक्षा फार कमी लेखकांच्या नावावर असेल.

त्याआधी काय होतं?

जुनं इंटरनेट म्हणजे स्वर्ग होता, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांना एक हिशोब विचारावा: त्या स्वर्गात तुम्ही होता का? अमेरिकेत इंटरनेटचा मुख्य कणा सरकारी पैशावर चालत होता आणि त्यावर व्यापारी वापराला बंदी होती. युरोपात सर्न या प्रयोगशाळेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यावर कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत. पण या जगात वावरत होते ते मुख्यतः विद्यापीठांतले लोक. आपल्याकडे आयआयटी मुंबईसारख्या मोजक्या संस्थांना एर्नेटमुळे त्याची चव मिळाली होती.

अमेरिकेचा तो सरकारी कणा ३० एप्रिल १९९५ रोजी बंद झाला आणि वाहतूक खासगी कंपन्यांकडे गेली. विदेश संचार निगमने भारतातल्या सामान्य ग्राहकाला इंटरनेट विकायला सुरुवात केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे साडेतीन महिन्यांनी. बिनव्यापारी इंटरनेट आपल्यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलंच नाही, त्यामुळे ते ‘गमावल्याचं’ दुःख आपलं नव्हे. तुमच्यातले बरेच जण तर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर पहिल्यांदा मनसोक्त इंटरनेट वापरू लागले असतील. त्या स्वस्त डेटावर जे नकाशे, जी गाणी, जे शिकवणीचे व्हिडिओ फुकट मिळाले, ते फुकट असण्यामागे जाहिरातच आहे. नांदेडच्या किंवा चंदगडच्या मुलीला स्पर्धा परीक्षेचा क्लास घरबसल्या मिळतो, ही छोटी गोष्ट नाही. जाहिरातीला शिव्या घालताना हे खात्यावर जमा धरायला हवं.

तरीही खर्चाची बाजू मांडावी लागते.

पुसट होत गेलेला रंग

वेबवरची पहिल्या काही बॅनर जाहिरातींपैकी एक २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झळकली. ती टेलिफोन कंपनी एटी अँड टीची होती: पानाच्या वरच्या बाजूला एक आडवी पट्टी. वर्तमानपत्रातल्या चौकटीतल्या जाहिरातीसारखीच. मजकूर कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे उघड दिसत होतं.

१९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधयंत्राने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे निकालांतल्या जागाच लिलावाने विकल्या जात. जो प्रत्येक क्लिकसाठी जास्त पैसे मोजेल, तो वर. गूगलने २००२ मध्ये क्लिकप्रमाणे पैसे आणि लिलाव ही कल्पना उचलली, पण विकलेले निकाल आणि खरे निकाल वेगळे ठेवले. जाहिरातींच्या मागे फिकट रंगाचा पट्टा असायचा, काही उजव्या बाजूच्या रकान्यात असायच्या. त्या काळात हा मोठा प्रामाणिकपणा होता आणि लोकांनी गूगलवर विश्वास ठेवला तो उगाच नाही.

पुढचा इतिहास त्या रंगाचा आहे. २०१३ मध्ये मागचा पट्टा गेला आणि एक छोटी पिवळी चिठ्ठी उरली. २०१६ मध्ये उजवा रकाना काढला, वरच्या जाहिराती चारपर्यंत गेल्या, आणि पिवळी चिठ्ठी हिरवी झाली. पत्त्याच्या ओळीचा रंगही तेव्हा हिरवाच होता. २०१७ मध्ये हिरव्या चिठ्ठीची नुसती हिरवी किनार राहिली. २०१९ मध्ये फोनवर आणि २०२० च्या जानेवारीत संगणकावर ती साधी काळी अक्षरं झाली. त्याच वेळी खऱ्या निकालांशेजारी संकेतस्थळांची छोटी चिन्हं आली, त्यामुळे दोन्ही जवळपास सारखेच दिसू लागले. टीका इतकी झाली की कंपनीला फेरविचार करत असल्याचं सांगावं लागलं. २०२२ मध्ये फोनवर ‘प्रायोजित’ अशा अर्थाचा ठळक शब्द स्वतंत्र ओळीत आला, हेही नोंदवायला हवं. पण पंचवीस वर्षांचा कल कुठल्या दिशेने होता, ते रंगाचा हा प्रवासच सांगतो.

आता परिशिष्टाकडे परत येऊ. अमेरिकी सरकारने गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये गूगलच आधीपासून बसवलेलं असावं, यासाठी कंपनीने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले होते, हे या खटल्यात पुढे आलं. निकालपत्रात कंपनीच्या २०२० सालच्या एका अंतर्गत अभ्यासाचाही उल्लेख आहे: शोधाचा दर्जा बराच खाली आणला, तरी उत्पन्न घटणार नाही, असं त्यात आढळलं होतं. शोध विभागाचे तेव्हाचे प्रमुख बेन गोम्स यांनी आपला विभाग पैशाच्या फार जवळ चालला आहे, अशी काळजी २०१९ मध्ये सहकाऱ्यांना लिहून कळवली होती. तीही कागदपत्रांत आली. १९९८ च्या परिशिष्टाचा पुरावा एकवीस वर्षांनी त्याच इमारतीतून मिळाला, असं म्हणता येईल.

पाणी किती घालायचं?

शोधयंत्रापुरतंच हे राहिलं असतं, तर मी या विषयावर लिहिलं नसतं. पण २००३ मध्ये गूगलने आपल्या जाहिराती इतर कुणाच्याही पानावर लावण्याची सोय केली, आणि ज्याचं पान त्याला कमाईचा वाटा मिळू लागला. अनेकांचं पोट त्यावर भरलं. त्याच वेळी अंतर विकण्याचा धंदाही घरोघरी पोचला.

उकडीच्या मोदकांची पाककृती शोधून बघा. तुम्हाला हवं असतं ते एवढंच: एक वाटी पिठीला पाणी किती? पानावर आधी गणेशोत्सवाचं महत्त्व येतं. मग मोदक आणि बाप्पा यांचं नातं. मग ‘चला तर मग जाणून घेऊया’. मग ‘उकडीचे मोदक रेसिपी मराठी’ हे शब्द तीन वेगवेगळ्या क्रमांनी, कारण यंत्राने पान उचलावं. प्रत्येक परिच्छेदाखाली एक जाहिरात. पाण्याचं प्रमाण बोटाने सातव्यांदा पान वर सरकवल्यावर भेटतं. आजी हे चार शब्दांत सांगते, कारण आजीला परिच्छेदांमागे पैसे मिळत नाहीत.

व्हिडिओंचंही तसंच. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी करताना किती जणांनी पाहिलं यापेक्षा किती वेळ पाहिलं, याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात हवी असेल, तर तो किमान दहा मिनिटांचा असावा असा नियम होता. २०२० च्या जुलैमध्ये तो आठ मिनिटांवर आला. आता तुम्ही पाहिलेले किती मराठी व्हिडिओ आठ मिनिटं आणि काही सेकंदांचे असतात, ते आठवा. ‘व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की बघा’ ही आर्जवी विनंती कुठून आली, तेही कळेल. सॉनेटला चौदा ओळींचं बंधन असतं आणि त्यामुळे कवितेला घाट येतो. आठ मिनिटांचं बंधन हाही आपल्या काळाचा एक साहित्यिक घाटच आहे, फक्त तो जाहिरात विभागाने ठरवला.

रहस्यकथा आणि दहावीचा निकाल

इथे कुणी म्हणेल, उत्तर लांबवणं ही तर कथनाची सर्वांत जुनी युक्ती आहे. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि आख्यानासाठी उत्तररंगापर्यंत थांबवतो. बाबूराव अर्नाळकरांनी शेकडो रहस्यकथा लिहिल्या, त्या सगळ्या उत्तर दाबून ठेवण्यावरच उभ्या होत्या. मासिकांतल्या कादंबऱ्यांखाली ‘क्रमशः’ असायचं. मग क्लिकसाठी लिहिलेल्या मथळ्यानेच काय घोडं मारलं?

फरक करारात आहे. रहस्यकथा हातात घेणारा वाचक थांबायलाच आलेला असतो. खुनी कोण हे पहिल्या पानावर सांगितलं, तर तो पैसे परत मागेल. दहावीच्या निकालाची तारीख विचारणारी आई थांबायला आलेली नसते. तिला उत्कंठा नको आहे, तारीख हवी आहे. माहितीच्या मजकुरावर रहस्यकथेचं तंत्र चढवलं की वाचकाच्या गरजेलाच ओलीस धरलं जातं. आणि शेवटी बहुतेकदा ‘तारीख अद्याप जाहीर झालेली नाही’ असं निघतं. अर्नाळकरांनी खुनी अद्याप सापडलेला नाही असं सांगून पुस्तक संपवलं असतं, तर त्यांचं दुसरं पुस्तक कुणी घेतलं नसतं.

छापील पेपरांतही हा भेद होता. घरी महिन्याच्या बोलीने येणारा सकाळचा पेपर मथळ्यातच बातमी सांगून टाकायचा, कारण त्याचे पैसे ठरलेले होते. मुंबईत स्टेशनाबाहेर सुटा विकला जाणारा संध्याकाळचा पेपर मात्र मथळ्यातून ओरडायचा, कारण त्याला प्रत्येक प्रत त्या क्षणी, घाईत असलेल्या माणसाला विकायची होती. आज प्रत्येक दुवा हा स्टेशनाबाहेरचा सुटा अंक झाला आहे. सकाळच्या पेपरची प्रतिष्ठा असलेली संकेतस्थळंही त्यामुळे संध्याकाळच्या पेपरची भाषा बोलतात.

याचं नुकसान सौंदर्याचं आहे, त्याहून जास्त विश्वासाचं आहे. शंभर वेळा फसल्यावर वाचक आत जायचं सोडून देतो आणि मथळ्यावरून अंदाज बांधतो. ‘असं काही’च्या जागी तो स्वतःच्या मनातलं भरतो. मग तोच अंदाज कौटुंबिक ग्रुपवर बातमी म्हणून फिरतो. नाम गाळलेलं वाक्य अफवेला सोयीचं असतं, कारण मोकळ्या जागेत कुणीही काहीही लिहू शकतं.

ज्यांनी नाही म्हटलं

हे सगळं अटळ होतं का? दोन प्रसंग तसं नसल्याचं सांगतात.

पहिला विकिपीडियाचा. २००१ मध्ये सुरू झालेल्या या ज्ञानकोशामागे तेव्हा एक खासगी कंपनी होती आणि तिच्याकडचे पैसे आटत होते. जाहिराती येण्याची शक्यता बोलून दाखवली गेली. २००२ च्या फेब्रुवारीत स्पॅनिश विकिपीडियाचे बहुतेक स्वयंसेवक उठले आणि त्यांनी स्वतःचा वेगळा कोश काढला. सेव्हिलच्या विद्यापीठाने त्याला जागा दिली. त्यानंतर जिमी वेल्स यांनी जाहिराती घेणार नसल्याचं स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षी पत्त्यातलं व्यापारी ‘डॉट कॉम’ जाऊन ‘डॉट ऑर्ग’ आलं. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला तो याच नियमाखाली.

आता विकिपीडियाचं गद्य बघा. ‘अमुक हे तमुक जिल्ह्यातले एक गाव आहे.’ पहिल्याच वाक्यात व्याख्या, नंतर तपशील. कंटाळवाणं? असेल. मराठीत तर अनेक लेख दोन-चार ओळींतच आटोपतात, भाषाही ओबडधोबड असते. स्वयंसेवक थोडे आहेत. पण उत्तर पहिल्या ओळीत आहे, कारण पहिली आणि दहावी ओळ यांच्यामधली जागा त्यांना कुणाला विकायची नाही. पैशाची सोय बदलली की वाक्याचा घाट बदलतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

दुसरा प्रसंग आपल्या देशातला. २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ आणलं: ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकीसाठी पैसे. त्याचा प्रचार करताना मार्क झकरबर्ग यांनी महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं होतं. त्या शेतकऱ्याला हवामान आणि बाजारभाव कळतो, मग विरोध कशाला, असा सवाल होता. देशभरातल्या लोकांनी ट्रायला पत्रं लिहून विचारलं की त्याने कोणती संकेतस्थळं बघायची हे कंपनीने का ठरवावं? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली. व्यापार थांबला नाही, त्याला एक हद्द आखून मिळाली. त्यानंतर सात महिन्यांतच आलेला स्वस्त डेटा सगळ्या इंटरनेटचा होता, दोन-चार डझन संकेतस्थळांचा नव्हता.

आता थेट उत्तर

२०२४ पासून गूगल शोधाच्या वर यंत्राने लिहिलेलं उत्तरच देऊ लागलं आहे. भारतातही ते आलं. मोदकाच्या पाण्याचं प्रमाण आता बोट न हलवता दिसतं. म्हणजे माझी तक्रार मिटली का?

अंतर मिटलं, हे खरं. पण ते प्रमाण ज्या बाईच्या पानावरून उचललं, तिच्याकडे आता कुणी जात नाही; तिने गणेशोत्सवाचं महत्त्व लिहूनही काही मिळत नाही. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत फोनवरच्या या उत्तरांत जाहिराती यायला लागल्या. आधी जाहिरात उत्तराच्या वर होती, मग शेजारी, मग तशीच दिसणारी. आता ती उत्तराच्या पोटात शिरते आहे. गद्याचा वाचक म्हणून मला याची जास्त धास्ती वाटते. लांबवलेलं उत्तर ओळखता येतं. वैताग येतो, पण फसवणूक दिसते. झुकलेलं उत्तर सुरेख, आटोपशीर आणि पहिल्या ओळीत असू शकतं. फोनबद्दल विचारल्यावर गाडी चालवताना लक्ष विचलित होण्याचा तो अभ्यास त्यात नसेल, एवढंच. आणि जे नाही ते आपल्याला खटकणार कसं?

तोवर एक साधी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे, आणि तुम्हीही लावून बघा. कुठलंही पान, मथळा, व्हिडिओ समोर आला की दोन प्रश्न विचारायचे. मला हवं असलेलं उत्तर कितव्या ओळीत आहे? आणि ते तिथे असण्याचे पैसे कोण देतं? तुमच्यापैकी काही जण उद्या याच धंद्यात मथळे लिहायला बसतील, काही जण आजही लिहीत असतील. महिन्याचं लक्ष्य असतं, वरिष्ठांचा आलेख असतो, हे मला माहीत आहे. तरी दहावीच्या निकालाची तारीख ठरली असेल, त्या दिवशी ती मथळ्यात लिहून टाका. एवढ्याने इंटरनेट बदलणार नाही, पण त्या संध्याकाळी काही हजार आयांना एक मजकूर कमी उघडावा लागेल.